पट्ट्यांचा परीक्षक

बारकोडचे पट्टे यंत्राने वाचायचे असतात. त्यामुळे ते नीट छापलेत की नाही, हे ठरवण्याचा मुद्रकाच्या डोळ्याचा जुना मान इथे चालत नाही. तो लेझरकडे गेला. पण गोष्ट लेझरच्याही आधी सुरू होते.

अमेरिकेतल्या नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ मध्ये या खुणांच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या पहिल्या यंत्रात ५०० वॉटचा दिवा होता. कागदावरून परतणारा उजेड फोटोमल्टिप्लायर नळी टिपायची आणि ऑसिलोस्कोपवरची रेघ हलायची. कल्पना खरी ठरली. फक्त दिव्याच्या धगीने कागद धुमसू लागला. पेटंट १९५२ मध्ये मिळालं, पण दुकानात ठेवता येईल असा उजेड काही मिळेना.

तो हीलियम-निऑन लेझरने दिला. त्याचा ६३२.८ नॅनोमीटरचा लाल झोत १९६२ मध्ये साधला. कोरा कागद हा उजेड चहूकडे विखुरतो, काळी शाई तो गिळते. लेझरचा बारीक ठिपका पट्ट्यांवरून सरकला की विखुरलेल्या उजेडाची वरखाली होणारी लाट मिळते, आणि स्कॅनर तीच वाचतो. लाल शाई मात्र लाल उजेड कागदाइतकाच परत पाठवते. पांढऱ्यावरचे ठसठशीत लाल पट्टे लेझरला दिसतच नाहीत. पाकिटाची रंगसंगती जुळवणारे डिझायनर इथे हमखास फसतात.

खरा तंटा शाईशी होता. आरसीए कंपनीने १९७२ मध्ये सिनसिनाटीतल्या क्रोगर दुकानात वर्तुळाकार खुणा आजमावल्या. छपाईयंत्रात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला शाई फरफटते, आणि वर्तुळ कसंही फिरवलं तरी कुठेतरी बिघडतंच. आयबीएमच्या जॉर्ज लॉररने सरळ पट्टे घेतले. ते कागदाच्या धावेच्या दिशेने छापले तर फरफटीने पट्टा लांब होतो, जाड होत नाही. आणि अर्थ सगळा जाडीत असतो. बारकोडच्या इतिहासातली सगळ्यात हुशार गोष्ट माझ्या मते हीच. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या पाकिटावरचा असा कोड पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला.

तरी शाई बाजूलाही थोडी पसरतेच, आणि नेहमीच्या मापात सर्वांत बारीक पट्टा जेमतेम ०.३३ मिलिमीटरचा. म्हणून मूळ फिल्मवरच पट्टे किंचित बारीक करून ठेवत. किती, ते यंत्र, कागद नि शाई पाहून ठरे. शेवटी स्कॅनरने ‘वाचलं’ एवढंही पुरेना, कारण एका स्कॅनरवर चाललेला कोड दुसऱ्यावर अडायचा. १९९० च्या अमेरिकी मानकाने मग त्या लाटेलाच गुण द्यायचं ठरवलं. पट्ट्यांच्या उंचीवर दहा वेगवेगळ्या जागी ठिपका फिरवायचा. काळ्या-पांढऱ्यातलं अंतर, पट्ट्यातली कोरी भोकं, मोकळ्या जागेतले शाईचे शिंतोडे असं सगळं त्या लाटेत उमटतं. चकाकी फसवू नये म्हणून उजेड ४५ अंशांतून टाकायचा आणि सरळ वरून टिपायचा. श्रेणी ए, बी, सी, डी आणि एफ. अमेरिकी शाळांसारखी ई गायब.

आता तपासणीयंत्रांत बहुतेक ठिकाणी एलईडी आणि कॅमेरे आले आहेत. त्यांचा उजेडही बहुधा लालच असतो, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा, त्यामुळे लाल पट्टे तिथेही नापास होतात.