पुन्हां भरणारा सेल

१८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून, रिता झाल्यावर पुन्हां भरतां येईल असा विद्युत्घट सिद्ध केला. १८९९ सालीं स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यानें निकेल व कॅडमियम यांचा घट केला. पुढें विषारी कॅडमियमची जागा हायड्रोजन शोषणाऱ्या मिश्रधातूनें घेतली. तरी एक खोड उरलीच. न वापरतां ठेवलेला सेलही आपोआप रिता होई, आणि उन्हाळ्यांत अधिकच. २००५ सालीं जपानच्या सान्यो कंपनीनें ‘एनेलूप’ आणून ती पुष्कळ आवरली. त्याच वर्षीं दोन सेलांवर चालणारा ‘एक्सबॉक्स ३६०’चा बिनतारी कंट्रोलर निघाला.

वाशीम जिल्ह्यांत वैशाखांत पारा चाळिसांपलीकडे जातो. परीक्षेपर्यंत कपाटांत पडलेला मुलांचा कंट्रोलर नेमका तेव्हांच बाहेर निघतो. म्हणून सेल घेतांना वेष्टनावरील मोठ्या आंकड्यास भुलूं नये. पडून राहिल्यास सावकाश उतरणारा निकेलचा सेल निवडावा. त्याचा दाब दीडाऐवजीं १.२ व्होल्ट असला तरी असा कंट्रोलर त्यावर नीट चालतो. मात्र दोन्ही सेल एकाच जातीचे, एकाच वेळीं घेतलेले व बरोबरच भरलेले असावेत. नाहीं तर दुबळा सेल आधीं रिता होऊन बिघडतो, आणि वाचवूं म्हटलेला पैसाच वायां जातो.