आवाजाचा परवाना

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडायला २००६ उजाडले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी आजच्या तेलंगणातील माचनूर गावी दलित स्त्रियांचा ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. बियाणे, पिके, गाणी त्यांच्याच बोलीत बोलू लागली. अक्षर नाकारलेल्यांचे ज्ञान असे प्रथमच परवान्यानिशी हवेत गेले. पण सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे, आकाशवाणीच्याच ऐकवायच्या. म्हणजे बाईने बियाण्यावर बोलावे, गावातल्या अत्याचाराची बातमी देऊ नये! पॉडकास्टला प्रसारणाचा परवाना लागत नाही. कार्यकर्त्यांनी हे साधन हाती घ्यावे; मात्र बोलणारा वस्तीतलाच हवा. आपल्या वतीने इतरांनी बोलण्याचा इतिहास पुरेसा लांबला आहे.