वाताची पुडी आणि आठवड्याची गोळी

माझी मोठी खाला अकोल्यात राहते. 2004 च्या हिवाळ्यात तिची बोटं दुखायला लागली. फजरला उठली की हाताची मूठ वळत नसे. नळाची तोटी फिरेना, वुजूसाठी सुनेला तिच्या हातावर पाणी ओतावं लागे. दहा-अकरा वाजेपर्यंत बोटं मोकळी होत आणि मग ती दिवसभर कामाला जुंपलेली असे, त्यामुळे घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वात आहे माय तो, थंडी गेली का जाते." घरचे म्हणाले, "गठिया है, तेल मलो." तेल चोळून झालं, मेथीचे लाडू झाले. मग कुणीतरी एका पुडीवाल्याचं नाव सांगितलं.

कागदात बांधलेली पांढरी भुकटी. सकाळी एक, रात्री एक. वर ना नाव, ना घटक. तिसऱ्या दिवशी खाला कणीक मळत होती. मी तेव्हा नव्यानेच शाळेत लागले होते. सुट्टीत गेले तर तिनं दोन्ही हात माझ्यासमोर उघडझाप करून दाखवले आणि पुडीवाल्याला भरभरून दुआ दिली. पुढे तिचा चेहरा गोल झाला. आम्ही म्हणालो, तब्येत सुधारली. चार वर्षांनी साखर निघाली, हाडं ठिसूळ झाली आणि बोटं करंगळीच्या बाजूला कलली ती कललीच. नागपूरच्या डॉक्टरांनी पुडी मागवून घेतली, नुसती पाहिली आणि म्हणाले, यात स्टेरॉइड असणार. वर हेही बजावलं की आता एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवावं लागेल.

तेव्हा मला फक्त राग आला होता. हा आजार काय, ती पुडी एवढी गुणकारी का वाटली आणि नागपूरला लिहून दिलेली आठवड्यातून एकदाच घ्यायची बारीक पिवळी गोळी कुठून आली, हे मी नंतर वाचत गेले. त्याचा इतिहास मला अनेक राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा जवळचा वाटतो.

आधी नावाचा घोळ. मराठीत गुडघा झिजला तरी संधिवात आणि खालासारखी बोटं सुजली तरी संधिवात. वैद्यक मात्र या दोघांना वेगळं मानतं. गुडघ्याची झीज हा बहुतेक वयाचा आजार. दुसऱ्यात शरीराची संरक्षण करणारी फौजच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. याला हल्ली आमवात म्हणतात. माधवनिदानात आमवाताचं स्वतंत्र प्रकरण आहे. युनानीत सगळ्याच सांधेदुखीला 'वजअ-उल-मफासिल' म्हणतात. मफासिल म्हणजे सांधे, एकवचन मफसिल. भाषेची शिक्षिका आहे म्हणून सांगते, याच अरबी धातूपासून फैसला आला, फासला आला आणि आपल्या मराठीतला 'तपशील'ही तिथूनच आला. इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये सांधेदुखीवर विस्ताराने लिहिलेलं आहे आणि हकीम मंडळी तिच्यावर सुरंजानचा कंद शतकानुशतकं देत आली. त्या जातीच्या कंदातलं कोल्चिसिन हे औषध आजही गाऊटवर, म्हणजे निक्रिसवर वापरतात. पण खालाच्या आजारावर त्याचा उपयोग नाही. एकाच नावाखाली दोन आजार राहिले की असं होतं: ज्याला गुण आला तो सांगत फिरतो, ज्याला आला नाही तो नशिबाला दोष देतो.

युरोपातही हे वेगळेपण उशिराच कळलं. 1800 मध्ये पॅरिसच्या एका तरुण डॉक्टरनं, लांद्रे-बोव्हेनं, नऊ बायकांची प्रकरणं मांडून हा गाऊटपेक्षा वेगळा आजार असल्याचं लिहिलं. गाऊट तेव्हा खात्यापित्या पुरुषांचा आजार समजला जाई. या बायका गरीब होत्या. 1859 मध्ये लंडनच्या गॅरडनं 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिलं. नाव मिळालं, औषध नव्हतं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ॲस्पिरिन आणि शेक यांच्यावर गेली. 1929 पासून फ्रान्समध्ये फॉरेस्टिएनं सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली, तीही हा आजार क्षयासारखा जंतूमुळे होत असावा या चुकीच्या समजुतीतून. गंमत अशी की समजूत चुकीची निघाली, तरी सोन्यानं काहींना खरोखर गुण आला.

आता 1948 साल. आमच्याकडे वऱ्हाडात सप्टेंबर 1948 म्हटलं की जुनी माणसं हैदराबादच्या पोलीस कारवाईचं बोलतात. त्याच महिन्याच्या 21 तारखेला अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरनं एका 29 वर्षांच्या बाईला एक नवं इंजेक्शन दिलं. तिला धड चालता येत नव्हतं. हेंचच्या खूप आधी लक्षात आलं होतं की या आजाराच्या बायकांना गरोदरपणात किंवा कावीळ झाली की बरं वाटतं. म्हणजे शरीरातच असं काही तयार होत असलं पाहिजे. केंडल या रसायनशास्त्रज्ञाच्या मदतीनं तो अधिवृक्क ग्रंथीतल्या एका द्रव्यापर्यंत पोचला होता. थोड्याच दिवसांत ती बाई चालायला लागली. द्रव्याचं नाव कॉर्टिसोन. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचा राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

खालाच्या पुडीतलं जे काही होतं ते याच कुळातलं. ते पाणी नव्हतं, ठगाची राख नव्हती. नोबेल मिळालेल्या औषधाचा वंशज होता, म्हणूनच तिसऱ्या दिवशी कणीक मळली गेली.

हेंचच्या रुग्णांनाही पुढे तेच झालं जे खालाला झालं: गोल चेहरा, सूज, औषध थांबवलं की दुखणं परत. ब्रिटनमध्ये तोवर औषध पारखायची एक नवी रीत आली होती. रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं आणि मग मोजायचं. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी याच 1948 मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्याच रीतीनं कॉर्टिसोनची तुलना साध्या ॲस्पिरिनशी केली गेली. 1954 मध्ये निकाल आला. 61 रुग्ण, एक वर्ष आणि शेवटी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. जगानं डोक्यावर घेतलेलं औषध वर्षभरात ॲस्पिरिनच्या रांगेत येऊन बसलं. स्टेरॉइड वाईट असं नाही. दुसरं औषध लागू पडेपर्यंत डॉक्टर ते थोड्या मात्रेत, थोडे दिवस देतातच. पण निनावी पुडीत चार वर्षं?

1948 चीच दुसरी गोष्ट आपल्या देशातल्या माणसाची आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचा जन्म, मद्रासला वैद्यकीय शिक्षण, मग हार्वर्ड आणि तिथून न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले कंपनीची प्रयोगशाळा. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वावर काम करताना त्याच्या गटानं त्याचा तोतया बनवला. पेशीला वाटावं हे फॉलिक ॲसिडच आहे, तिनं ते घ्यावं आणि तिची वाढ अडावी. त्या तोतयांपैकी एक ॲमिनोप्टेरिन. ते वापरून बॉस्टनच्या सिडनी फार्बरनं रक्ताच्या कर्करोगाची मुलं काही काळापुरती का होईना बरी करून दाखवली. दुसरा मेथोट्रेक्सेट. सुब्बाराव ऑगस्ट 1948 मध्ये वारला, हेंचच्या त्या इंजेक्शनच्या जेमतेम दीड महिना आधी. आपलं औषध कोट्यवधी सांध्यांसाठी घेतलं जाईल याची त्याला कल्पनाही नसणार.

1951 मध्ये अमेरिकेत गबनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ॲमिनोप्टेरिन या सांध्यांच्या रुग्णांना दिलं आणि गुण आल्याचं छापलं. कुणी लक्ष दिलं नाही. कॉर्टिसोनचा बोलबाला होता, आणि कर्करोगाचं जहर सांधेदुखीला कोण देणार! मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, अगदी थोड्या मात्रेत दिलं तर चालतं, हे नीट सिद्ध व्हायला 1985 साल उजाडलं. त्या वर्षी बॉस्टनमधल्या एका चाचणीत फक्त 35 रुग्ण होते. ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला, की गोळी खरी की खोटी. आणि मधेच दोन्ही गटांची अदलाबदल. 1988 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मंजुरी मिळाली. गबनरपासून मोजलं तर 37 वर्षं. या काळात किती बायकांची बोटं कलली असतील याचा हिशेब कुठे नाही.

आपल्याकडे हा आजार आहे तरी किती? याचं उत्तर शोधायला पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी 1996 मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला गेले. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात ते भिगवण. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमाखाली दवाखान्यात येणारे रुग्ण न मोजता गावातल्या घराघरांत जाऊन विचारायचं होतं: कुठे दुखतं? 4092 प्रौढांपैकी 18 टक्क्यांहून अधिक लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचं दुखणं निघालं. गुडघे आणि कंबर सर्वांत पुढे. खालाचा आजार मात्र सुमारे अर्धा टक्का. म्हणजे त्या गावात वीसेक माणसं.

अर्धा टक्का ऐकायला काहीच नाही. 2011 च्या जनगणनेत अमरावती आणि अकोला जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सत्तेचाळीस लाख होती. त्यातले प्रौढ तीसेक लाख धरा. भिगवणचं प्रमाण इथे जसंच्या तसं लावणं बरोबर नाही हे मला कळतं, पण ढोबळ हिशेब केला तर पंधरा हजार माणसं होतात आणि त्यांत बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. खाला एकटी नव्हती.

याच पुण्याच्या मंडळींनी आयुर्वेदिक औषधालाही त्याच तराजूत तोललं, हे मला फार आवडलं. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ, हळद यांचं मिश्रण, 182 रुग्ण, 16 आठवडे, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधी. निकाल 2000 मध्ये छापला गेला. सूज कमी होण्यात औषधाचा गट पुढे होता, पण एकूण सुधारणेत फरक ठाम म्हणता येईल एवढा नव्हता, कारण बिनऔषधी गटातल्याही बऱ्याच जणांना बरं वाटलं होतं. यात ना आयुर्वेदाची फजिती आहे ना विजय. कुणी विचारपूस केली, तपासलं, हातात काही दिलं की माणसाला खरंच बरं वाटतं. "मला गुण आला" हे खालाचं वाक्य म्हणूनच पुरावा ठरत नाही, आणि ते खोटंही नसतं. युनानी औषधांच्याही अशाच चाचण्या जोमानं व्हाव्यात असं मला वाटतं. आमच्या घरात हे बोललं की दोन-तीन मंडळी नाराज होतात.

नवी महाग इंजेक्शनंही आली आहेत. लंडनमध्ये लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी 1992 मध्ये सूज पेटवणाऱ्या एका रेणूलाच अडवणारं औषध रुग्णांना दिलं आणि उपचारांचं चित्र पालटलं. पण आपल्याकडे दोन अडचणी: किंमत आणि दबून बसलेला क्षय, जो या औषधांनी उसळू शकतो. म्हणून मला दोन वेगळ्याच चाचण्या महत्त्वाच्या वाटतात.

पहिली ग्लासगोची, 2004 सालची. सुमारे 110 रुग्ण. नवं औषध काहीच नाही, तीच जुनी औषधं. एका गटाला दर महिन्याला बोलावून सुजलेले सांधे मोजायचे आणि सूज उरली असेल तर औषध वाढवायचं. दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं. दीड वर्षानं पहिल्या गटातल्या 65 टक्के लोकांचा आजार जवळपास निवला होता, दुसऱ्यातल्या 16 टक्के. दुसरी चाचणी अमेरिका-कॅनडातली, 2013 सालची, 353 रुग्णांची. मेथोट्रेक्सेट पुरेसं पडत नव्हतं अशांपैकी अर्ध्यांना महाग इंजेक्शन जोडलं, अर्ध्यांना सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दोन जुन्या स्वस्त गोळ्या. स्वस्त गोळ्या कमी पडल्या नाहीत.

खाला 2004 मध्येच आजारी पडली. ग्लासगोचा निकाल छापून आला तेव्हा ती पुडी घेत होती. दर महिन्याला सांधे मोजून घ्यायचे तर अकोल्याहून नागपूरला जायचं, एसटीचं भाडं, सोबतीला मुलगा, त्याचा बुडालेला रोज, वर रक्ताची तपासणी. पुडीवाला मात्र शेजारच्या गल्लीत, उधारीवर. तिचा निर्णय मूर्खपणाचा होता असं मला आता म्हणवत नाही.

2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तिची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दुकानातून गायब झाली. कोरोनावर चालते म्हणून लोकांनी ती घरात भरून ठेवली होती. सरकारनं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण चिठ्ठी हातात असूनही आम्ही अमरावती आणि अकोला दोन्हीकडची दुकानं पालथी घातली. तीन आठवडे तिनं गोळीशिवाय काढले.

मेथोट्रेक्सेटची मोठी भीती म्हणजे आठवड्याची गोळी कुणी रोजची समजून घेणं. रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. खालाच्या चिठ्ठीवर ते इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. मी पाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत उर्दूत आणि मराठीत लिहून दिलं: जुम्मा, फक्त जुम्मा. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी, शनिवारी. म्हणजे सुब्बारावचा तोतया शुक्रवारी आणि अस्सल शनिवारी. हे तिला सांगितलं तेव्हा ती खूप हसली.

बोटं कललेलीच आहेत, पण नवीन सांधा गेली काही वर्षं बिघडलेला नाही. तस्बीहचे दाणे सरकतात, भाकरी सून थापते. मोहल्ल्यातल्या आणखी तीन बायका आता आपापली पाकिटं घेऊन येतात. त्यातली एक शेजारच्या काकूंची सून. तिच्या पाकिटावर मी गुरुवार लिहिला, कारण तिचा उपास गुरुवारी असतो आणि तो दिवस ती विसरत नाही. रिकाम्या पोटी घेऊ नको, फराळ झाल्यावर घे, एवढं खाली बारीक अक्षरात लिहिलं.