वादकाला वाद्यें किती?

ज्या घरांत वाढत्या वयाचें मूल आहे आणि त्या मुलाच्या हातीं गिटार आली आहे, त्या घरच्या वडील माणसांना एक प्रश्न आज ना उद्यां ऐकावाच लागतो : दुसरी गिटार केव्हां घ्यायची? पहिलीच्या तारा अजून नीट जुळवितां येत नसतात, तोंच दुसरीचा ध्यास लागतो. दुसरी आली म्हणजे तिसरी दुकानांतून खुणावूं लागते. वडिलांना हा प्रश्न पैशाचा वाटतो, मुलाला तो कलेचा वाटतो. मला तो बराचसा इतिहासाचा वाटतो. वाद्य परकें असलें तरी प्रश्न परका नाहीं. नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांत वाजत आलेल्या वाद्यांकडे पाहिलें, तर वादकाला वाद्यें किती लागतात याचा हिशेब तेथें पिढ्यान् पिढ्या झालेला आढळतो. आणि तो हौसेनें झालेला नसून गरजेनें झालेला आहे.

नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें रेणुकेचें ठाणें. गोंधळ्यांमध्यें रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद मानतात. रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे उपासक, तर कदमराई हे तुळजापूरच्या भवानीचे. घरांत मंगलकार्य झालें म्हणजे देवीचा गोंधळ घालण्याचा कुळाचार मराठवाड्यांत आजहि चालू आहे. या गोंधळ्यांचा सरंजाम तो केवढा? संबळ, तुणतुणें, झांज आणि दिवटी. एवढ्या सामग्रीवर रात्रभर आख्यान उभें राहतें. त्यांतील तुणतुण्याची रचना पाहावी. लांकडाचें एक पोकळ नळकांडें, त्याच्या तळाला ताणून बसविलेलें कातडें, बाजूला ठोकलेला दांडा, दांड्याच्या शेंड्याला एक खुंटी, आणि कातड्याच्या मध्यापासून त्या खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. कोणी एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगूं लागला म्हणजे आपण त्याला ‘तुमचें तुणतुणें पुरे करा’ म्हणतों. भाषेनें या गरीब वाद्यावर मोठा अन्याय केला आहे. कारण त्याचें काम एकच आहे, तें म्हणजे गाणाऱ्याच्या कानाशीं षड्ज अखंड जागा ठेवणें. आणि तें काम तें उत्तम करतें. संध्याकाळीं गळा मोकळा असेल तर खुंटी थोडी पिळावी, पहाटे आवाज बसला तर थोडी सैल सोडावी. रात्रभरांत गळा बदलतो. वाद्य बदलावें लागत नाहीं.

माझ्या म्हणण्याचें सूत्र या एका खुंटींत आहे. ज्या वाद्याचा स्वर वादकाला आपल्या हातानें चढवितां-उतरवितां येतो, त्या वाद्याचा एक नग पुष्कळ दिवस पुरतो. ज्याचा स्वर कारागिराच्याच हातून कायमचा ठरून येतो, त्याचे नग वाढवावे लागतात. वादकाची श्रीमंती किंवा त्याची हाव हीं कारणें यानंतरचीं.

बांसरीचेंच उदाहरण घ्या. वेळूला भोंकें पाडलीं कीं तिचा षड्ज कायमचा ठरला. पन्नालाल घोष (1911–1960) यांनीं सुमारें 32 इंच लांबीची बांसरी रूढ करून रागसंगीताला गंभीर आवाज मिळवून दिला. परंतु त्या लांब बांसरीनेंहि आखूड बांसरीचें काम होत नाहीं. म्हणून बांसरीवाल्याच्या पिशवींत पांच-सात वेळू दिसले, तर त्याला संग्राहक म्हणूं नये. त्याचें तें वाद्य एकच आहे, फक्त तें तुकड्यातुकड्यांनीं बाळगावें लागतें.

तबल्याची गोष्ट याहून मौजेची आहे. तबल्याला गट्टे असतात आणि हातोडीनें ते ठोकून स्वर थोडाफार हलवितां येतो; पण पुडीच्या व्यासानें घातलेली मर्यादा ओलांडतां येत नाहीं. पुरुष गवई काळी एकमध्यें गात असेल तर सव्वापांच इंचांच्या आसपास तोंड असलेला टिपेचा तबला लागतो; गायिका काळी चारमध्यें गाणारी असेल तर तोंड पावणेसहा इंचांकडे झुकलेला, ढाल्या आवाजाचा तबला घ्यावा लागतो. म्हणजे उंच गळ्याला खालचा तबला आणि खालच्या गळ्याला उंच तबला, असा हा उलटा व्यवहार आहे. लातूरचा एखादा साथीदार सकाळीं भजनाला, दुपारीं संगीताच्या परीक्षेला आणि रात्रीं मैफलीला बसत असेल, तर त्याला तीन तबले लागणारच. डग्गा मात्र त्या तिघांत एक पुरतो. त्याच्या घरीं तीन तबले आणि एक डग्गा दिसला, तर त्या जमाखर्चांत हौसेची रक्कम शून्य आहे असें समजावें.

पेटीनें या हिशेबाला तिसरेंच वळण दिलें. हार्मोनियमचे स्वर पत्त्यांवर घासून कायमचे ठरलेले असतात. तथापि पट्ट्याच इतक्या असतात कीं कोणतीहि पट्टी षड्ज मानून वाजवितां येतें. पुढें सबंध स्वरपट्टी सरकविणाऱ्या पेट्या निघाल्या आणि उरलीसुरली अडचणहि गेली. एका पेटीनें दहा गळ्यांची सोय झाली, हें तिच्या प्रसाराचें मोठें कारण होय. 1900 सालीं हैदराबाद–मनमाड लोहमार्ग पुरा होऊन नांदेड गाडीच्या वाटेवर आलें, तेव्हां असली अवजड पेटीहि दूरच्या शहराहून आणणें सोयीचें झालें. तिचे विरोधकहि जबर होते. तिला मींड घेतां येत नाहीं आणि तिचे स्वर आमच्या श्रुतींशीं जुळत नाहींत, या आक्षेपावर आकाशवाणीनें 1940 सालीं तिला आपल्या केंद्रांतून बाहेर काढलें, आणि ती बंदी तीन दशकें टिकली. आक्षेप शास्त्राला धरून होता, हें मला मान्य आहे. परंतु त्याच काळांत नांदेड-लातूरच्या भजनी मंडळांनीं पेटी सोडली नाहीं, कारण चार निरनिराळ्या आवाजांच्या माणसांना एका वाद्यावर आणून बसविण्याचा त्यांचा प्रश्न त्या आक्षेपानें सुटत नव्हता.

नांदेडच्या गुरुद्वारांतहि हाच प्रवास दिसतो. गुरु गोविंदसिंगांनीं 1708 सालीं जेथें देह ठेवला, तें हें स्थान. महाराजा रणजितसिंगांच्या काळीं, 1832 ते 1837 या वर्षांत, तेथें मंदिर उभें राहिलें. शीख परंपरेंत कीर्तनाचा आरंभ गुरु नानकांचा सोबती मर्दाना याच्या रबाबापासून मानतात. पुढें सरिंदा, ताऊस, दिलरुबा हीं तंतुवाद्यें त्या सेवेंत आलीं. आजच्या रागी जथ्यांत सामान्यतः तिघे असतात : दोघांपुढें पेट्या, तिसऱ्यापुढें तबला. आतां अमृतसरकडे पुन्हां तंतुवाद्यांची हांक ऐकूं येते. सुवर्णमंदिरांतील कीर्तनांतून पेटी तीन वर्षांत हळूहळू काढावी, अशी सूचना अकाल तख्ताकडून 2022 सालीं झाली. तसें सर्वत्र झाल्यास वाद्यांची संख्या वाढेल, कारागिरांना काम मिळेल; पण प्रत्येक रागी गायकाला तार जुळविण्यांत आयुष्याचीं कांहीं वर्षें घालावीं लागतील. पेटीनें हीं वर्षें वांचविलीं होतीं. तीं वांचलीं हें चांगलें झालें कीं वाईट, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे.

आतां दिंडीकडे वळूं, कारण तेथें संख्येचा हिशेब आणखी निराळा आहे. लातूर, औसा, उदगीर या बाजूनें पंढरीच्या वाटेला लागणाऱ्या दिंड्या पाहाव्यात. टाळ ज्याच्या त्याच्या गळ्यांत, मृदंग एखाद-दुसरा, आणि वीणा मात्र एकच. शंभर माणसें असलीं तरी एकच. ज्याच्या गळ्यांत वीणा तो विणेकरी, आणि तोच दिंडीचा अग्रणी. लोक त्याच्या पायां पडतात. नामसप्ताहांत ही वीणा सात दिवस जमिनीला टेकवीत नाहींत. पहारा संपला कीं ती एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरींहि जाते. या वीणेचा मालक कोण, असा प्रश्न तेथें कोणी विचारीत नाहीं. ती मंदिराची असते, दिंडीची असते, गांवाची असते. आपण शहरवासी ‘वादकाजवळ वाद्यें किती’ असें विचारतों. सप्ताहानें ‘एका वाद्याला वादक किती’ असा तो प्रश्न उलटा मांडला. गांवांतला दरिद्री शेतमजूरहि त्यामुळें वर्षांतून एक पहारा विणेकरी होऊं शकला. प्रत्येकानें आपापली वीणा विकत घ्यावयाची असती, तर हें झालें असतें असें मला वाटत नाहीं.

दिंडीची ही वाट पुढें आगगाडीनेंहि धरली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें आंखलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 सालीं बार्शीपर्यंत धांवूं लागली, 1906 मध्यें पंढरपुरास पोंचली, 1911 मध्यें लातुरास आणि 1927 मध्यें मिरजेस. पूर्वेस लातूर, मध्यें पंढरपूर, पश्चिमेस मिरज अशी ही सुमारें 325 किलोमीटरांची वाट झाली. 2010 च्या सुमारास ती सगळी रुंद रुळांची होऊन गेली. संगीताच्या दृष्टीनें या वाटेवरचें शेवटचें स्थानक महत्त्वाचें. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे; एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेब शिकलगार आदि कारागीर तंतुवाद्यांच्या कामांत शिरले आणि मिरज तंबोऱ्याचें गांव झालें. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकतात. 2024 सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालें, हें आपण वाचलेंच असेल. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखांसाहेब याच मिरजेंत राहिले. 1937 सालीं ते वारले. खांसाहेबांना वाद्याच्या दुरुस्तीचेंहि ज्ञान होतें, आणि तंबोरा सुरांत लागल्यावांचून त्यांचें गाणें सुरू होत नसे.

गवयामागें तंबोरे दोन असतात. ही चैन नव्हे काय? नव्हे. एकाची पहिली तार पंचमाला लावतात. दुसऱ्याची, रागाप्रमाणें, मध्यमाला किंवा निषादाला. शिवाय एकाची गुंज विरूं लागते तोंच दुसऱ्याची भरून येते. येथें खुंटीचीहि मर्यादा कळते. पुरुषाच्या आवाजासाठीं केलेला मोठा तंबोरा ओढून बाईच्या पट्टींत नेऊं पाहाल तर तार तुटेल. उलट लहान तंबोरा सैल सोडाल तर जवारी मरेल. ज्या घरांत पति-पत्नी दोघेंहि गातात, त्या घराला दोन मापांचे तंबोरे हवेतच. मैफलीच्या जोडीचा हिशेब याहून वेगळा धरावा.

आतां गिटारीला हीच कसोटी लावून पाहूं. तिला सहा खुंट्या आहेत. पट्टी चढवावयाची असेल तर कॅपो नांवाचा लहानसा चिमटा दांडीवर लावला कीं काम भागतें. पेटीची सरकती पट्टी जें करते तेंच हा चिमटा करतो. म्हणजे गिटार तबल्याच्या जातीची नाहीं, तुणतुण्याच्या जातीची आहे. स्पेनचे आन्द्रेस सेगोव्हिया (1893–1987) यांनीं गिटारीला जगाच्या मोठ्या सभागृहांत मानाचें स्थान मिळवून दिलें. माद्रिदच्या मान्युएल रामिरेस यांच्या कारखान्यांतील 1912 ची गिटार त्यांनीं सुमारें पंचवीस वर्षें वाजविली. त्यानंतर हेर्मान हाउझर या जर्मन कारागिराची 1937 ची गिटार आणखी तितकींच वर्षें. पन्नास वर्षांत मुख्य गिटारी दोन. त्या दोन्ही आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनीं 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत गिटारीवर राग वाजवून दाखविले, आणि पुढें विश्वमोहन भट्टांनीं तिलाच जादा तारा जोडून मोहनवीणा घडविली. हातांतल्या वाद्यांतच भर घालण्याची ही वाट मला दुसरें वाद्य भिंतीवर टांगण्याहून मोलाची वाटते.

मुलांची बाजू अगदींच लंगडी आहे असें मात्र म्हणवत नाहीं. नायलॉनच्या तारांची, पोलादी तारांची आणि विजेची या तीन गिटारी दिसावयास बहिणी असल्या तरी स्वभावानें निराळ्या आहेत. एकीचें गाणें दुसरीवर रंगत नाहीं. रंगमंचावर वाजविणाऱ्याला ऐन वेळीं तार तुटल्यास जवळ दुसरी जुळविलेली गिटार असावी लागते, हेंहि खरें. परंतु हीं दोन्ही कारणें वादन पुढें गेल्यावर उद्भवतात. लातूर-नांदेडला परीक्षांच्या शिकवणीसाठीं येऊन एका खोलींत दोघे-तिघे राहणारीं मुलें असतात. तेथें गिटारीला भिंतीवर एकच खिळा मिळतो, आणि तिघांनीं मिळून ती एक गिटार वाजविली तर सप्ताहांतल्या वीणेप्रमाणें ती कधीं थंड पडणार नाहीं.

जागेइतकीच हवेचीहि गोष्ट आहे. मराठवाड्याचा उन्हाळा लांकडाला फार क्रूर. एप्रिल-मे मध्यें पारा चाळिसांच्या वर गेला म्हणजे भोपळ्याला चीर जाते, पातळ लांकूड आंबतें-वांकतें, सांधे सुटतात. आणि पावसाळा लागतांच तबल्याची पुडी उतरते. तंबोरा उन्हाच्या झळेपासून दूर, गवसणींत ठेवावा, भिंतीला टेकून ठेवूं नये, कांहीं दिवस वाजणार नसेल तर तारा सैल कराव्यात, हे जुने नियम गिटारीलाहि लागू आहेत. एवढी निगा एका वाद्याची होते, दोहोंची कष्टानें होते. पांचांची कोणाच्याच घरीं झालेली मीं पाहिली नाहीं.

तेव्हां पुढच्या खेपेस दुसऱ्या गिटारीची मागणी आली, तर मुलाला इतकेंच विचारावें : पहिलीवर कोणतें गाणें वाजत नाहीं? त्यानें नांव सांगितलें आणि तें खरोखरच निराळ्या तारांचें असलें, तर घेऊन द्यावी. नाहीं तर तूर्त तारांचे दोन जोड, एक कॅपो आणि एक गवसणी आणावी; उरलेल्या पैशांत माळ्यावर पडलेल्या आजोबांच्या पेटीचा फाटका भाता दुरुस्त होऊन येईल.