व्याकरण चालविणे

इंग्रजीच्या तासाला विद्यार्थ्याला उभे करून 'या शब्दाचे व्याकरण चालव' असे फर्मावण्याची प्रथा मराठी मुलखातील शाळांत पिढ्यान् पिढ्या होती. इंग्रजीत जिला पार्सिंग म्हणतात तिलाच मराठीने हे नाव दिले. फळ्यावर 'द बॉय रीड्स अ बुक' एवढे पाच शब्दांचे वाक्य असावयाचे. मुलाने उठून सांगावयाचे की, 'बॉय' हे सामान्यनाम, पुल्लिंगी, एकवचनी, तृतीय पुरुषी, प्रथमेत, आणि 'रीड्स' या क्रियापदाचा कर्ता. यातील एक कलम जरी सुटले तरी उत्तर अपुरे. मुलगा पुस्तक वाचीत आहे एवढा साधा अर्थ त्या वेळी कोणाच्या ध्यानातही नसे. तरीही या कवाईतीने पुढे जे घडविले ते इंग्रजीच्या तासापुरते राहिले नाही. मराठी भाषेला आज जे व्याकरण आहे त्याचा सांगाडा याच कवाईतीतून आला.

या कवाईतीचा एक मोठा आद्य गुरू म्हणजे लिंडले मरे. हा गृहस्थ मूळचा अमेरिकेतला, जन्म १७४५ चा. न्यूयॉर्कमध्ये त्याने वकिली आणि व्यापार केला, आणि पुढे प्रकृती ढासळल्यामुळे इंग्लंडात यॉर्क शहराजवळ होल्गेट येथे येऊन राहिला. पायांतील शक्ती गेल्यामुळे त्याचे आयुष्य बहुतेक खुर्चीतच गेले. शेजारच्या एका मुलींच्या शाळेतील शिक्षिकांच्या आग्रहावरून त्याने इंग्रजी व्याकरण लिहिले आणि ते १७९५ साली प्रसिद्ध झाले. वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार आणि छंदोविचार असे त्याचे चार भाग. पाठोपाठ १७९७ मध्ये स्वाध्यायांचे पुस्तक आले. त्यात मुद्दाम अशुद्ध वाक्ये दिलेली असत आणि विद्यार्थ्याने ती नियम सांगून शुद्ध करावयाची असत. 'खालील वाक्ये शुद्ध करा' हा प्रश्न आपल्या परीक्षांत इतका रुळला आहे की, त्याची वंशावळ शोधण्याचे कोणाला सुचतही नाही.

मरेने हे सारे स्वतःच्या डोक्यातून काढले असे मात्र नव्हे. त्याच्यापूर्वी १७६२ साली रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने असाच ग्रंथ लिहिला होता, आणि दोघांच्याही मनात लॅटिन व्याकरणाचा साचा होता. लॅटिनच्या अंगाला बेतलेला अंगरखा इंग्रजीच्या अंगावर चढविला गेला तो असा. तोच अंगरखा पुढे समुद्र ओलांडून मुंबईस आला.

मुंबईच्या शाळांत इंग्रजी शिकून तयार झालेल्या पहिल्या पिढीतील दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ चा. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली छापले गेले, म्हणजे ग्रंथकर्त्याचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. मराठीचे व्याकरण त्यापूर्वी लिहिलेच गेले नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या विल्यम केरीचे १८०५ साली निघाले होते. परंतु ते इंग्रजीत असून परकीयांना मराठी शिकविण्यासाठी होते. मराठी मुलाला त्याची स्वतःची भाषा शास्त्ररूपाने दाखविण्याचा दादोबांचा उद्योग निराळा, आणि त्या उद्योगात त्यांच्यापुढे नमुना होता तो मरेच्या व्याकरणाचा. दादोबांना पुढे 'मराठी भाषेचे पाणिनी' ही पदवी मिळाली, पण मांडणी पाहता त्या पाणिनीच्या हाती मरेची फूटपट्टी होती हे नाकारता येत नाही.

ती फूटपट्टी कोठे बसली आणि कोठे बसली नाही, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. यास्काच्या परंपरेत पदांच्या जाती चार : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. मरेने इंग्रजीत नऊ मानल्या. त्यांतून आर्टिकल वगळले की राहतात आठ. आणि नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी या आठ जाती मराठी शाळेतील मूल आजही पाठ म्हणते. त्यांपैकी 'शब्दयोगी' हा शब्द फार मार्मिक. इंग्रजीतील प्रिपोझिशन नावाप्रमाणे शब्दाच्या आधी बसते, तर मराठीत 'टेबलावर' या रूपातील 'वर' शब्दाच्या मागून येतो. तेव्हा आधी बसण्याची कल्पना सोडून, नुसता शब्दाशी योग होतो एवढेच नावात ठेवले गेले. पण 'वर' लागण्यापूर्वी 'टेबल' चे 'टेबला' का व्हावे, याला मरेच्या कपाटात खणच नव्हता. ते सामान्यरूप मराठीचे स्वतःचे, आणि त्याची व्यवस्था मराठी वैयाकरणांना स्वतःच लावावी लागली.

याहून मोठी अडचण क्रियापदाची. क्रियापद कर्त्याच्या वचनाला व पुरुषाला अनुसरते हा मरेच्या वाक्यविचारातील पहिलाच नियम. मराठीत मात्र 'मुलाने पोळी खाल्ली' आणि 'मुलीने आंबा खाल्ला'. मुलगा असूनही 'खाल्ली', मुलगी असूनही 'खाल्ला' ! येथे कर्त्याला कोणी विचारीत नाही, हुकमत चालते ती कर्माची. त्यासाठी कर्तरी, कर्मणी आणि भावे या प्रयोगांचे प्रकरण संस्कृत परंपरेकडून घ्यावे लागले, आणि त्यावर मराठी वैयाकरणांत जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. इकडे इंग्रजीच्या तासाला मराठी मुलाची गोची उलट बाजूने होई. 'मुलीने आंबा खाल्ला' याचे भाषांतर करताना 'ने' दिसला की त्याचा हात 'बाय' कडे जाई आणि सरळ वाक्याचे तो पॅसिव्ह करून ठेवी. 'वॉल' नपुंसकलिंगी असे म्हणताना त्याच्या ओठांवर 'ती भिंत' असे. आणि ज्या आर्टिकलला मराठीत जागाच नव्हती त्याने तर पदवीधरांनाही जन्मभर छळले.

या उसन्या मापाला विरोध लवकरच सुरू झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी 'शालापत्रका'तून मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या अनेक मतांची परखड छाननी केली. मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा प्रचंड ग्रंथ १९११ साली बाहेर पडला. त्यात मागील सर्वांच्या मतांचा साक्षेपाने परामर्श आहे आणि प्रयोगासारख्या प्रश्नाला पानेच्या पाने दिली आहेत. इंग्रजी तर्कपद्धतीचे शिक्षण आणि संस्कृत व्याकरणाची शिस्त अशी दोन्ही हत्यारे दामल्यांपाशी होती.

शब्दसंग्रहाची कथा मानाने सोपी. जुन्या पाठशाळेत अमरकोश मुखोद्गत करीत. त्यामुळे शब्द घोकणे हे आपल्याला नवे नव्हते, नवे होते ते अकारविल्हे लावलेले कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या कामात त्याचा सहकारी असलेला मेजर टॉमस कॅन्डी याने १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका काढली. मोडीत शब्दांमध्ये अंतरही न ठेवता सलग लिहिणाऱ्या लोकांना स्वल्पविराम आणि अर्धविराम मिळाले ते तेथून.

अलंकारांच्या बाबतीत मात्र मराठी विद्यार्थी रिकाम्या हाताने वर्गात आला नव्हता. 'सिमिली' व 'मेटॅफर' यांतील भेद मास्तर समजावून देऊ लागले की, घरी थोडेबहुत संस्कृत झालेल्या मुलाला तो ओळखीचा वाटे. मुख चंद्रासारखे म्हटले तर उपमा, मुख हाच चंद्र म्हटले तर रूपक. मम्मटाने या गोष्टी कितीतरी बारकाईने सांगितल्या होत्या. निर्जीवाला सजीव कल्पिणाऱ्या इंग्रजी अलंकारासाठी मात्र 'चेतनगुणोक्ती' हे नवे नाव घडवावे लागले. काव्यप्रकारांचीही अशीच टांकसाळ निघाली : ओडला उद्देशिका, एलिजीला विलापिका, सॉनेटला पुढे सुनीत. केशवसुतांनी १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' हे मराठीतले पहिले सुनीत लिहिले तेव्हा 'सुनीत' हे नाव रूढ नव्हते, ते आपल्या अशा रचनांना चतुर्दशक म्हणत. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकलेला हा कवी पोटासाठी स्वतःच शाळामास्तर झाला आणि १९०४ मध्ये धारवाडच्या हायस्कुलात मराठी शिकवू लागला. वर्गात सॉनेटची व्याख्या पाठ करणारे हजारो झाले असतील, त्या चौदा ओळी आपल्या भाषेत उतरविण्याची हिंमत एकाला झाली.

बाकीच्यांचे काय झाले याची कल्पना बडोद्याच्या एका गोष्टीवरून येते. बडोदा कॉलेजात श्रीअरविंद इंग्रजी शिकवीत. सदे याने लिहिलेल्या नेल्सनच्या चरित्रावर ते बोलत असता विद्यार्थ्यांनी तक्रार केली की, हे नोट्समध्ये दिल्यासारखे नाही. आपण त्या नोट्स वाचल्याच नाहीत, आणि त्या बहुधा टाकाऊच असतात, असे उत्तर त्यांना मिळाले. ही आठवण श्रीअरविंदांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

पाठ्यपुस्तके बदलत गेली. मरे मागे पडला, नेस्फील्ड आला, आणि नंतर रेन व मार्टिन या जोडीने सर्वांना झाकून टाकले. यांतील पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातला अधिकारी. 'बो जेस्ट' ही फ्रेंच शिपायांच्या साहसाची त्याची कादंबरी १९२४ साली जगभर गाजली, पण आपल्याकडे तो ओळखला गेला व्याकरणकार म्हणूनच. याउलट तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' नियम मराठीत सांगून दोन्ही भाषांत ये-जा करावयास लावी. ज्यांच्या घरी इंग्रजीचा गंध नव्हता अशा खेड्यांतील मुलांना तिनेच हात दिला, आणि विद्वानांनी तिची फारशी दखल घेतली नाही हा अन्यायच म्हटला पाहिजे. हैदराबादेस १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाल्यावर वाक्यरचनांचे नमुने तोंडी घोळवून घेण्याच्या नव्या पद्धतीला बळ आले आणि व्याकरण चालविण्याची सद्दी हळूहळू संपली.

मराठीच्या तासाला मात्र ती संपली नाही. अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ मध्ये 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' मांडला आणि इंग्रजी व संस्कृत ही दोन्ही मापे बाजूस ठेवून मराठीकडे पाहण्याची निकड दाखविली. कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकर यांनी तोच धागा पुढे नेला आणि या साऱ्या वादांचा इतिहासही लिहिला. परीक्षेच्या कागदावर मात्र अधोरेखित शब्दाची जात विचारली जातेच, आणि आठांपैकी एक नाव लिहिले की विद्यार्थ्याला गुण मिळतो.