बाई, आज हात वर करते

नववीत संस्कृतच्या बाई 'गो' शब्द चालवून घेत होत्या. गौः, गावौ, गावः. मध्येच त्यांनी विचारलं, "कुणाकडे गाय आहे गं?" अकोल्याजवळच्या आमच्या गावी गोठ्यात दोन गाई होत्या. पण अमरावतीत नवीनच आलेल्या मला शेणामातीची लाज वाटायची. मी हात वर केला नाही.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, गो आणि काऊ सारखेच वाटतात!" बाई हसून म्हणाल्या, "नातं आहे. मोठे झालात की शोधा."

संगणकाच्या नोकरीत वीस वर्षं गेल्यावर शोधलं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांचं मूळ एकच असावं, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात मांडलं. ती मूळ भाषा कुणी लिहून ठेवली नाही. तिच्या लेकींवरून अभ्यासक तिचे शब्द जुळवतात. गाईसाठी तिच्यात 'ग्वोउस'सारखा शब्द असावा. संस्कृतात त्याचा गौः झाला, फारसीत गाव, ग्रीकमध्ये बूस. आपल्या 'बटर'मध्येही हाच बूस लपला आहे. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ गाईचं चीज.

मग इंग्रजीत 'ग'चा 'क' कसा झाला? परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब यांनी १८२२ मध्ये नियम दाखवला: जर्मन कुळातल्या भाषांत जुन्या 'ग'चा 'क' होतो. बैलाच्या मानेवरचं जू बघा. संस्कृतात युग, इंग्रजीत योक. म्हणजे काऊ संस्कृतातून तिकडे गेली नाही. गो आणि काऊ मायलेकी नाहीत, बहिणी आहेत.

आपल्याकडे गोष्ठाचा गोठा झाला, गोपालाचा गवळी, गोरूपाचं गुरू, म्हणजे आपली गुरंढोरं. चिखलदऱ्याच्या सहलीत आपण ज्या गाविलगडावर डबे खाल्ले, त्याचं नावही गवळ्यांवरूनच पडलं, असं सांगतात. मला जिची लाज वाटत होती, ती गाय गडाच्या नावातही होती.

आमच्या गाई बाबांनी केव्हाच विकल्या. तिथे आता मोटार उभी असते. तरी मी घरी पोचले की आई सांगते, "गाडी गोठ्यात लाव."

बाई, उशीर झाला, पण आज हात वर करते. आमच्याकडे गाई होत्या. दोन. गावौ.