आजी-आजोबांचे पालकत्व व भेटीचे हक्क

अज्ञान नातवंडाचा ताबा मिळावा, किंवा ताबा दुसऱ्याकडे असल्यास त्यास भेटता यावे, यासाठी पितृपक्षाच्या वा मातृपक्षाच्या आजी-आजोबांना कायद्याने उपलब्ध असलेले मार्ग. ‘हक्क’ हा शब्द येथे काहीसा सैल अर्थाने घ्यावा लागतो; कारण नातवंडावर आजी-आजोबांचा स्वतंत्र व निरपवाद अधिकार भारतीय अधिनियमांत कोठेही सांगितलेला नाही. न्यायालयात अर्ज करण्याची मुभा मात्र आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व एकूण मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने या प्रश्नाचा तेथील इतिहास मुंबई इलाख्यातील इतिहासाहून निराळा आहे.

प्राचीन धर्मशास्त्रात बालकाच्या ताब्यापेक्षा त्याच्या धनाच्या रक्षणाची चर्चा अधिक आढळते. बालकाला वारशाने आलेले धन त्याचे बाल्य संपेपर्यंत राजाने सांभाळावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. पालकत्व प्रथम पित्याचे, त्याच्यामागे मातेचे आणि तीही नसल्यास जवळच्या आप्तांचे, त्यांतही पितृकुलातील आप्तांचे आधी, असा क्रम सामान्यतः मानला जाई. एकत्र कुटुंबात मात्र तंटा क्वचितच उद्‌भवे. मिताक्षरा पद्धतीप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत नातवाला जन्मतःच हिस्सा मिळे, आणि ज्या घरात तो जन्मे त्या घराचा कर्ता बहुधा आजोबाच असे. ताब्याचा तंटा होण्यासाठी आधी घरे दोन व्हावी लागतात. आई अकाली वारल्यास आजीने मूल वाढविणे तर गृहीतच होते. १६५९ मध्ये सईबाईंचे निधन झाले, तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. त्यांचे संगोपन जिजाबाईंच्या देखरेखीखाली झाले. राजघराण्यांत नातवाचा ताबा हा कधी राजकारणाचाही भाग होई. शाहजहानचे बंड मोडल्यावर १६२६ मध्ये दारा व औरंगजेब या त्याच्या पुत्रांना ओलीस म्हणून आजोबा जहांगीर याच्याकडे पाठविण्यात आले. शहराचे जुने व नवे नाव ज्या दोघांवरून पडले, त्या दोघांच्याही बालपणाचा काही काळ आजी वा आजोबांकडे गेला, हा योगायोगच म्हणावयाचा.

ब्रिटिश अमदानीत हिंदू आजी-आजोबांचा स्पष्ट निर्देश आढळतो तो अनपेक्षित ठिकाणी : १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह अधिनियमात. विधवेने पुनर्विवाह केला आणि मृत पतीने मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमलेला नसला, तर मृताचे आई-वडील, पितामह-पितामही अथवा कोणीही पुरुष नातेवाईक मुलांसाठी योग्य पालक नेमावा म्हणून न्यायालयाकडे अर्ज करू शकत, अशी तरतूद त्याच्या तिसऱ्या कलमात होती. सुधारणेच्या या कायद्याने विधवेला पुन्हा संसार करण्याची मोकळीक दिली. परंतु पहिल्या संसारातील मुले तिच्यापासून काढून घेण्याची वाटही त्याच कागदावर आखून ठेवली. एक अट मात्र लक्षणीय होती. मुलांच्या पोषणास व शिक्षणास पुरेल अशी त्यांची स्वतःची मिळकत नसल्यास, आईच्या संमतीवाचून दुसरा पालक नेमता येत नसे. अपवाद एवढाच, की होऊ घातलेल्या पालकाने त्या खर्चाची हमी दिलेली असावी. नातवंड हवे असेल तर त्याच्या अन्नवस्त्राची जबाबदारी घ्या, असा या अटीचा रोख होता. हा अधिनियम १९८३ मध्ये रद्द करण्यात आला. निजामाच्या मुलखाला तो ब्रिटिश काळी लागू नव्हता.

मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत हनफी विधीने आजीला नेमके स्थान दिले आहे. या विधीत बालकाचा सांभाळ (हिजानत) व त्याच्या मिळकतीचे पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत सांभाळाचा अधिकार आईचा. ती हयात नसेल, किंवा बालकाशी निषिद्ध नात्यात न बसणाऱ्या पुरुषाशी पुनर्विवाह केल्याने तिचा अधिकार गेला असेल, तर तो प्रथम आईच्या आईकडे (नानी) व नंतर बापाच्या आईकडे (दादी) जातो. मिळकतीच्या बाबतीत क्रम अगदी निराळा आहे : बाप, बापाने मृत्युपत्राने नेमलेला व्यवस्थापक, मग बापाचा बाप व त्याने नेमलेला व्यवस्थापक. यात आईचे नावच नाही; १९१८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही एका गाजलेल्या निकालात तसेच ठरविले. म्हणजे पोर नानीच्या मांडीवर आणि त्याची जमीन दादाच्या हाती, अशी विभागणी या विधीला मान्य होती. १८५६ च्या कायद्याचा कल पित्याच्या कुलाकडे, तर हिजानतीचा कल आईच्या कुलाकडे, हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढे ‘भाग ब राज्ये (कायदे) अधिनियम, १९५१’ अन्वये पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा या प्रदेशास लागू झाला, आणि नात्यांच्या क्रमाऐवजी बालकाचे हित ही कसोटी पुढे आली. या अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार अज्ञानाचा कोणीही नातेवाईक किंवा मित्रसुद्धा पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतो. आजी-आजोबांना प्रवेश मिळतो तो याच दाराने. सतराव्या कलमान्वये न्यायालयाने बालकाचे वय, लिंग व धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य, कुवत व नात्याची जवळीक, मृत मातापित्यांची इच्छा, पालकाचे बालकाशी पूर्वीपासूनचे संबंध आणि बालक पुरेसे समजूतदार असल्यास त्याची पसंती, या गोष्टी पाहावयाच्या असतात. बालकाला लागू असलेला वैयक्तिक कायदाही विचारात घ्यावा लागतो. त्यामुळे नानीचा अग्रक्रम पुसला गेला नाही, पण तो अंतिम राहिला नाही. एकोणिसाव्या कलमाची अडचण मोठी आहे : पिता हयात असून पालक होण्यास अपात्र ठरलेला नसेल, तर न्यायालय दुसरा पालक नेमू शकत नाही. हिंदू अज्ञानता व पालकत्व अधिनियम, १९५६ हाही पिता व त्याच्यानंतर माता यांनाच नैसर्गिक पालक मानतो. तेराव्या कलमात बालकाचे हित सर्वोपरी ठरविले असले, तरी आजी-आजोबांचा उल्लेख त्यात नाही.

अर्ज कोठे करावयाचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी व्यवहारात निर्णायक ठरतो. बालक जेथे सामान्यतः राहते, तेथील न्यायालयाला अधिकार असतो. मुलाच्या मृत्यूनंतर सून नातवाला घेऊन नाशिकला माहेरी गेली, तर संभाजीनगरच्या आजी-आजोबांना नाशिक गाठावे लागते. अपिलासाठी मराठवाड्यातील पक्षकारांना १९५६ पर्यंत हैदराबादला आणि त्यानंतर मुंबईला जावे लागे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला सुरू झाल्यावर ती पायपीट संपली.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एकाच दिशेचे नाहीत. प्रसूतीच्या वेळी आई वारलेल्या व जन्मापासून आजीने वाढविलेल्या मुलीचा ताबा २००९ मध्ये मातामहीकडे ठेवण्यात आला. पिता हयात असूनही न्यायालयाने जडलेल्या मायेला अधिक महत्त्व दिले. करोनाच्या साथीत आई-वडील गमावलेल्या अहमदाबादच्या मुलाबाबत गुजरात उच्च न्यायालयाने मावशीला पसंती दिली होती. ती फिरवून २०२२ मध्ये ताबा पितृपक्षाच्या आजी-आजोबांना देण्यात आला. केवळ वय व उत्पन्न यांवरून त्यांना डावलता येणार नाही, असे मत त्या वेळी व्यक्त झाले. उलट २०२५ मध्ये, आईच्या मृत्यूनंतर आजोळी राहिलेल्या मुलाचा ताबा पित्याला देताना नैसर्गिक पालकापेक्षा आजी-आजोबांचा दावा वरचढ नाही, असे ठरले. तत्त्व एकच असूनही फळ वेगळे येते. मूल कोणाजवळ किती काळ राहिले, याला शेवटी फार वजन असते. त्यामुळे दाव्यातील दिरंगाई हीच एका पक्षाची बाजू बळकट करते, हा या तत्त्वाचा दोष मानावा लागेल.

भेटीच्या हक्काची स्थिती याहून नाजूक आहे. १८९० च्या किंवा १९५६ च्या अधिनियमात आजी-आजोबांच्या भेटीसंबंधी कलम नाही. कुटुंब न्यायालये अधिनियम, १९८४ च्या सातव्या कलमात मात्र पालकत्व व ताबा यांच्या जोडीने अज्ञानाच्या भेटीसंबंधीच्या कार्यवाहीचाही अंतर्भाव आहे. दिवंगत मुलाच्या अपत्याला भेटण्याची मुभा आजी-आजोबांना देणारा आदेश २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम केला. सासू-सुनेतील वितुष्ट हे नातवंडाला तोडण्याचे कारण होऊ नये, हा अशा आदेशांमागील विचार होय. भारतीय विधी आयोगाने २५७ व्या अहवालात (२०१५) ताबा व भेटीविषयी सुचविलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आजी-आजोबांसाठी राखावयाच्या वेळेचा समावेश केला होता. संसदेने त्याला कायद्याचे रूप दिलेले नाही. फ्रान्समध्ये असा हक्क १८५७ मध्येच सर्वोच्च अपील न्यायालयाने मान्य केला व १९७० मध्ये तो नागरी संहितेत आला. २००२ पासून तो बालकाचा हक्क म्हणून मांडला जातो. अमेरिकेत मात्र २००० साली वॉशिंग्टन राज्याचा अतिव्यापक भेट-कायदा मातेच्या अधिकारावर अतिक्रमण करणारा म्हणून त्या प्रकरणापुरता अवैध ठरला.

जेथे कायदा गप्प आहे, तेथे इतर कायदे बोलतात, आणि त्यांतील विसंगती डोळ्यांत भरते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत मुलाच्या मिळकतीत त्याची आई व त्याची मुले एकाच वर्गाचे वारस असतात. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमाप्रमाणे सज्ञान नातवाकडून आजी-आजोबा निर्वाहखर्च मागू शकतात. तो अज्ञान असताना त्याला पाहण्याचा हक्क मात्र कोणत्याही कलमात लिहिलेला नाही.

मराठवाड्यातील अनेक कुटुंबांत हा सारा वाद न्यायालयापर्यंत पोचतच नाही. ऊसतोडीसाठी आई-बाप दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात मुले पुष्कळदा आजी-आजोबांकडे असतात. कायद्याच्या दृष्टीने हे पालकत्व केवळ वस्तुस्थितीचे आहे. आई-बाप दगावल्यास हीच आजी प्रत्यक्षात पालक ठरते. परंतु १९५६ च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमामुळे, न्यायालयाने रीतसर नेमल्याखेरीज, नातवाच्या वाट्याची जमीन विकण्याचा किंवा तिचा अन्य व्यवहार करण्याचा अधिकार तिला पोचत नाही.